बिबट्या: अकोल्यात कळले ते, पाथर्डीत उरले ते

ऑक्टोबर २०२० मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढी, केळवंडी आणि शिरापूर परिसरात एकाच महिन्यात तीन लहान मुले बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. गर्भगिरीच्या कुशीतल्या या गावांना बिबट्या अनोळखी नव्हता. कधी शेळी जायची, कधी वासरू, कुत्र्यांची तर मोजदादही कुणी ठेवत नसे. अंगणातले मूल जाईल, हे मात्र कुणाच्या हिशेबात नव्हते. वनविभागाने पिंजरे लावले, काही बिबटे त्यांत अडकलेही. नोव्हेंबरअखेर लगतच्या आष्टी तालुक्यात तीन बळी गेले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करमाळ्यातही माणसे मारली गेली आणि १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर ती मालिका थांबली.

पाथर्डीपासून करमाळ्यापर्यंतचे हे सगळे एकाच जनावराचे काम होते का? पिंजऱ्यात सापडलेल्या इतर बिबट्यांचा त्यात काही हात होता का? नसेल, तर त्यांना सोडायचे कुठे? आणि मुळात बिबटे वाढले आहेत का? यांपैकी काही प्रश्नांवर गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात, त्यातही अहिल्यानगर-पुणे पट्ट्यात, जगभर दखल घेतले गेलेले संशोधन झाले आहे. काही प्रश्न मात्र होते तिथेच आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून या विषयावर राजकीय निर्णयांची घाई सुरू झाली आहे. म्हणून काय सिद्ध झाले, कशावर वाद आहे आणि कशाला अजून हातच लागलेला नाही, हे एकदा नीट मांडून पाहणे गरजेचे आहे.

उसात कसा आला

सर्वसाधारण समज असा की जंगल तुटले म्हणून बिबट्या गावात आला. हे विधान अर्धेच खरे आहे. ब्रिटिश काळात बिबट्या मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दीड लाखांहून अधिक बिबटे मारले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये विष्ठेतील डीएनएच्या आधारे केलेला अभ्यासही तेच सांगतो: गेल्या शे-दोनशे वर्षांत भारतीय बिबट्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटली असावी. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळात बिबटे कमी होते, ही गावोगावची आठवण खोटी नाही. पण तो कमीपणा नैसर्गिक नव्हता, बंदुकीने घडवलेला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली आणि उरलेल्यांना पसरायला वाव मिळाला.

त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात धरणांचे पाणी फिरले. मुळा आणि कुकडी प्रकल्पांच्या कालव्यांनी ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा केला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. त्यात पुरुषभर उंचीची दाट सावली, जवळ पाणी, रानडुक्कर आणि भटकी कुत्री, आणि महिनोन्महिने माणसाचा वावर नाही. पिल्ले घालायला मादीला यापेक्षा सुरक्षित जागा सह्याद्रीच्या जंगलातही सहजी मिळत नाही. तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडणे ही जुन्नर, शिरूर, राहुरी, कोपरगावकडे दर हंगामाची बाब झाली आहे. ते बछडे त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले की बहुतेक वेळा रात्री आई येऊन घेऊन जाते, हे वनविभाग आणि प्राणिवैद्यकांनी इतक्यांदा करून दाखवले आहे की त्यावर आता वाद उरलेला नाही.

आजचा उसातला बिबट्या म्हणूनच जंगलातून वाट चुकलेला पाहुणा नाही. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्याला परत जंगलात सोडा म्हणण्यात अडचण अशी की त्याने जंगल पाहिलेलेच नाही.

पकडून सोडण्याची तीन वर्षे

या क्षेत्रातला सर्वांत पक्का निष्कर्ष एका फसलेल्या उपायातून आला. २००१ च्या सुमारास जुन्नर परिसरात हल्ल्यांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम निघाली. दोन-तीन वर्षांत शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या काळाच्या नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ते सरासरी सतरावर गेले. जिथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले वाढले.

कारणमीमांसा अशी: बिबट्या हद्द धरून राहणारा प्राणी आहे. जाणता नर किंवा मादी उचलली की ती जागा भरायला नवखी, अनुभव नसलेली पोरे येतात. उचललेला बिबट्या अनोळखी मुलखात जखमी, भेदरलेला, भुकेला फिरतो आणि घराच्या दिशेने परतू लागतो. पण हे स्पष्टीकरण आहे, प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. हल्ले वाढले हे नोंदींवरून दिसते, ते नेमके कशामुळे वाढले याची साखळी तर्काने जोडलेली आहे. तरीही २०११ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पकडून सोडण्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला गेला. त्यामागे हाच अभ्यास होता.

दूर सोडलेला बिबट्या कुठवर जातो, याची गोष्ट आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातली आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर काढला गेला. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तो डोंगर, महामार्ग, लोहमार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. सरळ रेषेत मोजले तर ८९ किलोमीटर, ३७ दिवसांत. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. संशोधकांनी त्याला 'आजोबा' म्हटले, पुढे त्याच नावाचा चित्रपटही आला. डिसेंबर २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत तो मेला, अंगातल्या मायक्रोचिपमुळे ओळख पटली. एका जनावरावरून नियम काढू नये हे खरे. पण बिबट्या म्हटले की माणसावर उठलेलाच, या समजाला त्याने एकट्याने जो धक्का दिला, तो कुठल्याच शोधनिबंधाला देता आला नसता.

अकोल्याचा कॅमेरा

२००९ च्या हिवाळ्यात अकोले तालुक्यातील ऊस, मका आणि भाजीपाल्याच्या सुमारे १८० चौरस किलोमीटर पट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावले गेले. या पट्ट्यात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, संरक्षित जंगल नाही, हरणेही नाहीत. कॅमेऱ्यात अकरा प्रौढ बिबटे ओळखले गेले. हिशेब निघाला: दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे. तितकीच तरसेही. (तरसांबद्दल एक ओळही कुणी वाचत नाही. पोरे पळवणारा म्हणून बदनाम झालेला हा प्राणी अकोल्यात बिबट्याइतक्याच संख्येने, कुणाच्या अध्यात ना मध्यात, राहत होता.) अभ्यासाच्या काळात त्या भागात बिबट्याने एकही माणूस मारला नाही. हा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठी मांसाहारी जनावरे फक्त अभयारण्यातच टिकतात, हे गृहीतक जगभर पुन्हा तपासले जाऊ लागले.

पुढच्या वर्षी नॉर्वेच्या संशोधकांबरोबर केलेल्या जीपीएस अभ्यासाने रात्रीचे चित्र दाखवले. महाराष्ट्रात चार आणि हिमाचलात एक अशा पाच बिबट्यांना पट्टे बांधले होते. रात्री ते तासाला सरासरी ३३९ मीटर चालत, दिवसा जेमतेम ६०. दाट वस्तीत राहणाऱ्या तिघांच्या रात्रीच्या नोंदींपैकी वीस टक्के नोंदी घरापासून पंचवीस मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा हे प्रमाण एक टक्काही नव्हते. म्हणजे आपण झोपलेले असतो तेव्हा तो परसात येऊन जातो आणि सकाळ व्हायच्या आत उसात परततो. पकडल्या जागेजवळच सोडलेल्या तिघांच्या हद्दी आठ ते पंधरा चौरस किलोमीटरच्या, म्हणजे फारच लहान होत्या. खायला भरपूर असल्याशिवाय हद्द इतकी आवळत नाही.

खायला काय, हे विष्ठेच्या तपासणीतून कळले. अकोल्यातील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावठी प्राण्यांचा होता, त्यातले ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचे. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच निघाला. कारण शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे मोकळे. डिसेंबर २०२५ मध्ये बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना सरकारी पातळीवरून पुढे आली, तेव्हा मला हीच आकडेवारी आठवली. उसातल्या बिबट्याला जंगलात जेवण वाढण्याचा तो बेत होता.

कुत्रा, कचरा, रेबीज

आरोग्याच्या अंगाने या प्रश्नाकडे पाहणारे संशोधन थोडे आहे, पण विचारात पाडणारे. २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या बिबट्यांबद्दल अंदाज मांडला: ते वर्षाला दीड हजारापर्यंत भटकी कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे वर्षाला हजाराच्या आसपास श्वानदंश टळत असावेत. बिबट्या रेबीजला आळा घालतो, अशी मथळेबाजी त्यावर झाली. प्रत्यक्षात ते गणिती अनुमान होते. दंश टळल्याचे कुणी दवाखान्यांच्या नोंदवहीतून मोजलेले नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर विषाणू मोठ्या मांजरांना होतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये त्याने मोठी हानी केली. कुत्री खाणारा बिबट्या त्या धोक्यात कायमच असतो. आणि कुत्र्यांचे कळप वाढतात ते कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर, पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर, बाजाराच्या कचऱ्यावर. कचरा हटवला, तर कुत्री घटतील, कुत्री घटली तर बिबट्या घटेल, हे तर्कशास्त्र सरळ आहे. पण मधल्या काळात भुकेला बिबट्या कुणाकडे वळेल? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच अभ्यासात नाही, आणि ज्याच्या घरी तीन वर्षांचे मूल आहे तो हाच प्रश्न आधी विचारतो.

आकड्यांचा घोळ

देशात बिबटे किती? २०१८ च्या गणनेत १२,८५२, २०२२ च्या गणनेत १३,८७४. महाराष्ट्रात १,६९० वरून १,९८५. हे आकडे दोन्ही बाजू वापरतात: एक बाजू म्हणते वाढ झाली, दुसरी म्हणते देशपातळीवर ही वाढ वर्षाला जेमतेम दोन टक्के आहे. दोघांचेही म्हणणे अंकगणिताने बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे. ही गणना व्याघ्र गणनेच्या जोडीने, मुख्यतः वाघांच्या अधिवासातील जंगलांत होते. ऊसपट्टा तीत जवळपास येतच नाही. जुन्नर, राहुरी, संगमनेर, कोपरगाव, पाथर्डीच्या शिवारातला बिबट्या त्या १,९८५ मध्ये धरलेला नाही, आणि वाद तर त्याच्यावरच चालू आहे.

ऊसपट्ट्यासाठी मग जे आकडे सभांमध्ये, वर्तमानपत्रांत फिरतात, ते पकडलेल्या बिबट्यांवरून, दिसल्याच्या तक्रारींवरून किंवा अकोल्याची घनता सगळ्या जिल्ह्याला लावून काढलेले असतात. ही तिसरी पद्धत शास्त्रीय वाटते, पण तीच सर्वांत फसवी आहे. अकोल्यातला पाणी, ऊस आणि कुत्र्यांचा मेळ पाथर्डीच्या माळावर नाही. तक्रारींचे म्हणाल तर हातोहाती मोबाइल आल्यापासून एक बिबट्या एका रात्रीत पाच गावांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पाच बिबटे होतो.

दोन मोठ्या बाजू

बहुतेक वन्यजीव संशोधकांचा कल सहजीवनाकडे आहे. त्यांचे म्हणणे: बिबट्या हटवता येणार नाही, हटवला तर जागा भरली जाते, म्हणून माणसाची काळजी हाच उपाय. बंदिस्त गोठा, अंगणात उजेड, घरात शौचालय, लहान मुले अंधारात एकटी न सोडणे, शेतीला दिवसा वीज, बिबट्या दिसताच गर्दी न करणे. मुंबईत २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमाने वनविभाग, पोलीस, पत्रकार आणि उद्यानाभोवतीच्या वस्त्यांना एकत्र आणून हे बऱ्याच अंशी करून दाखवले. सांस्कृतिक बाजूही ते पुढे करतात. वारली समाजाच्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक स्थानांची नोंद २०२१ च्या एका अभ्यासाने केली आहे. मोठ्या मांजराबरोबर राहण्याची रीत इथे जुनी आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दुसरी बाजू ऊसपट्ट्यातील शेतकरी, लोकप्रतिनिधी आणि वनखात्यातील काही अधिकाऱ्यांची. तिला भावनेच्या भरात बोलणारी म्हणून बाजूला सारण्याची सवय शहरी लिखाणाला लागली आहे, आणि ती चुकीची आहे. तिचा युक्तिवाद ठोस आहे: काळजी घ्या हे सांगणे सोपे, पण रात्री दोन वाजता वीज येते तेव्हा पाणी धरायला शेतात जावेच लागते. वस्तीवरून शाळेची वाट उसातून जाते. वाघोबाला मानणाऱ्यांचीही मुले मरतात. आणि जिथे माणसांची घनता इतकी आहे तिथे हल्ला कधी ना कधी होणारच. मग तो 'स्वीकारार्ह' कुणी ठरवायचा? मुंबईत इमारतीच्या कॅमेऱ्यात बिबट्या पाहणारा आणि उसात खुरपणी करणारी बाई यांचा धोका एकच नव्हे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत भागात अवघ्या तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा मारली गेली. लोक रस्त्यावर उतरले, बिबट्या गोळी घालून मारला गेला. नोव्हेंबरमध्येच नगर तालुक्यात खारेकर्जुने इथे एका चिमुरडीचा बळी गेला. पिंपरखेडचे गावकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्याची छायाचित्रे देशभर गेली. त्यानंतर अनेक प्रस्ताव एकदम पुढे आले: बिबट्याचा उपद्रव राज्य आपत्ती मानणे, त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून दुसरीत आणणे, पकडलेले बिबटे राज्याबाहेर पाठवणे, माद्यांची नसबंदी. जुन्नर विभागातील २३३ गावे तर आधीच, २०२४ मध्ये, बिबट आपत्तीप्रवण म्हणून घोषित झालेली होती.

नसबंदी: नवा प्रयोग

या प्रस्तावांपैकी विज्ञानाच्या दृष्टीने खरोखर नवा आहे तो नसबंदीचा. केंद्राने जुन्नर भागात पाच माद्यांवर प्रायोगिक परवानगी दिली. मादीला गर्भनिरोधक लस देऊन काही वर्षे पिल्ले रोखायची, असा विचार आहे. हरणे, घोडे, हत्ती यांच्यावर अशा लसी इतर देशांत वापरल्या गेल्या आहेत. मोठ्या मांजरांवर प्राणिसंग्रहालयांत दीर्घकाळ हार्मोन वापरल्यावर गर्भाशयाचे विकार आणि गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. पण ती औषधे वेगळी, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणे न्याय्य नाही.

खरी शंका परिणामाबद्दल आहे. लस द्यायला मादी पकडावी लागते, पुन्हा लस द्यायला पुन्हा पकडावी लागते. बिबट्या बारा-पंधरा वर्षे जगतो, म्हणजे पिल्ले थांबली तरी प्रौढांची संख्या घटायला कित्येक वर्षे जातील. आणि संख्या घटली म्हणजे हल्ले घटतातच, असे समीकरण अजून कुणी मांडून दाखवलेले नाही. अकोल्यात शंभर चौरस किलोमीटरला पाच बिबटे असताना एकही माणूस दगावला नाही. पाथर्डीत अकोल्यासारखा ऊस नसताना तीन मुले गेली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात प्यूमांची शिकार वाढवल्यावर पुढच्या वर्षी तक्रारी वाढल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले होते, त्यावरही पुढे आक्षेप घेतले गेले. पाच माद्यांच्या प्रयोगाला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. पण तो प्रयोग म्हणूनच व्हावा: शेजारी लस न दिलेला तुलनेचा पट्टा, आधीची मोजणी, नंतरची मोजणी, आणि निकाल उघड. तसे न झाले तर पाच वर्षांनी आपण आजच्याइतकेच अंधारात असू, फक्त पैसे खर्च झालेले असतील.

हल्लेखोर कोण?

२०२० च्या पाथर्डीतला प्रश्न इथे परत येतो. कायद्याच्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला बिबट्या पकडता येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पण परवानगी एका विशिष्ट बिबट्यासाठी असते, आणि अंधारात समोर येणारा बिबट्या तोच आहे हे ठरवायचे कसे?

त्याचे तीन उपाय माहीत आहेत. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यामुळे आधीचे छायाचित्र असेल तर ओळख पटते. जखमेवरच्या लाळेतून डीएनए मिळतो. पकडलेल्या बिबट्याला मायक्रोचिप असेल तर त्याचा पूर्वेतिहास कळतो. तिन्हींची अट एकच: नोंद आधीपासून हवी. जखम धुण्याआधी, मृतदेह हलवण्याआधी नमुना घेणारा माणूस तालुक्यात हवा, आणि तो नमुना वेळेत प्रयोगशाळेत जाऊन उत्तर यायला हवे. नाहीतर लोक चिडलेले असतात, पिंजऱ्यात जो सापडेल तो दोषी ठरतो आणि माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात जन्मठेप भोगतो. त्या केंद्रातून काही बिबटे जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवले गेले आहेत. त्यांपैकी किती जणांनी माणसावर खरोखर हल्ला केला होता, याची वर्गवारी जाहीर होणे हा बिबट्यांपेक्षाही लोकांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

पाथर्डी वेगळी का

आतापर्यंत सांगितलेले जवळपास सगळे ज्ञान पाण्याच्या पट्ट्यातले आहे. पाथर्डी तसा तालुका नाही. मुळेच्या उजव्या कालव्याचे पाणी एका कडेला पोहोचते, आदिनाथनगरच्या वृद्धेश्वर कारखान्याभोवती ऊस आहे. बाकी तालुका म्हणजे गर्भगिरीचे उघडे डोंगर, ओढे, बाभळी-बोरीची झुडपे, बाजरी, तूर, कापूस, आणि डोंगराच्या कडेने विखुरलेल्या वस्त्या. इथला बिबट्या उसात कायमचा राहणारा आहे, की मुळेच्या आणि गोदावरीच्या पट्ट्यातून डोंगराच्या धारेने बीड-सोलापूरकडे जाणारा वाटसरू? जीपीएस अभ्यासात विरळ वस्तीत राहणाऱ्या एका बिबट्याने दिवसा आणि रात्रीही घरे टाळली होती. पाथर्डीतही तसेच अपेक्षित होते, घडले उलटे. वाटसरू तरुण बिबटे, नवखा मुलूख, कमी भक्ष्य अशी जोडणी करून स्पष्टीकरण देता येते. ते पटण्यासारखे आहे, पण पुरावा म्हणून त्याच्या बाजूने पट्टा बांधलेला एकही बिबट्या उभा नाही. वृद्धेश्वर, मढी, मोहटा या डोंगररांगेत दोन हिवाळे कॅमेरे लावले तरी याचे निम्मे उत्तर मिळेल. खर्चाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट नाही: महाराष्ट्रात बिबट्याच्या हल्ल्यातील एका मृत्यूची भरपाईच २५ लाख रुपये आहे.

पाथर्डीचा दुसरा धागा तालुक्याबाहेर जातो. दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक असे जिथे ऊस तिथे त्यांची कोपी पडते. कोपी म्हणजे पाचटाची, कागदाची झोपडी. दार नाही, दिवा नाही, आडोशाला शौचालय नाही. पहाटे चारला आईबाप फडात, आणि लेकरे कोपीत किंवा बांधावर झोपलेली. बिबट्याच्या अभ्यासांनी धोक्याची म्हणून जी जी परिस्थिती नोंदवली, ती सगळी एका जागी इथे भेटते. शिवाय ऊस तोडला की बिबट्याचा आडोसाही त्याच माणसांच्या कोयत्याखाली जातो, आणि बछडे असलेली मादी तिथेच आसपास असते. सहजीवनवाल्यांचे सगळे सल्ले स्वतःचे घर, स्वतःचा गोठा असलेल्या माणसाला उद्देशून आहेत. नसबंदीवाल्यांचे लक्ष बागायतदाराच्या जनावरांवर आहे. धनगर मेंढपाळाकडे निदान वाघूर (जाळी) लावायची आणि कुत्री राखायची रीत तरी आहे, ऊसतोड कामगाराकडे तीही नाही. दोन्ही बाजूंच्या मांडणीत तो कुठेच नाही, ही या वादातली मला सर्वांत खटकणारी उणीव आहे.

संख्या किती, लस चालेल का, हे कळायला वर्षे लागतील. कोप्यांचे मात्र आजच्या ज्ञानावरही करता येण्यासारखे आहे. उभ्या उसाला खेटून त्या पडू न देणे, एका जागी पन्नास-शंभर कोप्या एकत्र बांधणे, मध्ये रात्रभर सौरदिवे, पहाटे मुलांना सांभाळायला एक पगारी बाई, तळाजवळ फिरते शौचालय, आणि मेलेली जनावरे व खरकटे तळापासून लांब. यातल्या कशालाही नवे संशोधन लागत नाही. कारखान्यांचे गाळप परवाने दरवर्षी साखर आयुक्तालयातून निघतात. पुढच्या हंगामाच्या परवान्यात या अटी घालाव्यात, आणि पाथर्डीच्या मुकादमांनी उचल घेतानाच त्या मागून घ्याव्यात.